मंजुरीची सही शाखेतच हवी

ठाण्यात बँकांची वानवा नाही. गोखले रोडने स्टेशनकडे चालत निघालात तर पाट्या वाचूनच थकाल, आणि वाशीच्या सेक्टर १७ मध्येही तीच गत. योजनांचीही वानवा नाही. २०१५ पासून छोट्या कर्जांची मुद्रा योजना आहे. बिनतारण कर्जाला हमी देणारा सीजीटीएमएसई ट्रस्ट २००० सालापासून आहे आणि एप्रिल २०२५ पासून त्याची हमी दहा कोटींपर्यंतच्या कर्जाला मिळते. सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून दहा लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बजावलं होतं. एवढं असूनही वागळे इस्टेटमधल्या गाळेवाल्याला किंवा तुर्भ्याच्या मार्केटमधल्या व्यापाऱ्याला बँकेचं कसं चाललंय असं विचारा. उत्तर ठरलेलं असतं: "साहेब चांगले आहेत हो, पण त्यांच्या हातात काही नाही."

माझं भांडण या वाक्याच्या उत्तरार्धाशी आहे. साहेबांच्या हातात काही का नाही? आणि ज्याच्या हातात आहे त्याने हा गाळा कधी पाहिलाय का?

मी ठाण्यात छोट्या धंद्यांचे हिशेब आणि जीएसटीची विवरणं करून देतो, त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू थोड्याफार बघायला मिळतात. गेल्या पंधरा-वीस वर्षांत शाखा ही कर्ज ठरवण्याची जागा राहिलेली नाही, ती कागद गोळा करण्याची खिडकी झाली आहे. शाखेत फाइल द्यायची, शाखा ती स्कॅन करून प्रोसेसिंग सेंटरला पाठवणार, तिथला अधिकारी चार शंका काढून परत पाठवणार. मग शाखेतून फोन येतो: "शेठ, ऑगस्टचं थ्रीबी आणि टर्नओव्हर जुळत नाही म्हणतायत." (थ्रीबी म्हणजे जीएसटीचं महिन्याचं विवरण.) म्हणतायत कोण, ते शेठला कळत नाही. बरेचदा साहेबांनाही कळत नाही. पंचवीस लाखांपर्यंतच्या अर्जावर चौदा कामाच्या दिवसांत निर्णय द्यावा असा दंडक आहे. तो पाळला जातो तोही एका युक्तीने: कागद 'पूर्ण' झाल्याशिवाय चौदाचं मोजणं सुरूच होत नाही, आणि कागद पूर्ण कधी झाले हे बँकच ठरवते. २०१८ मध्ये एकोणसाठ मिनिटांत कर्ज देणारं पोर्टल आलं. त्या एकोणसाठ मिनिटांत मिळते ती तत्त्वतः मंजुरी. ती घेऊन पुन्हा त्याच शाखेत, त्याच खिडकीवर.

केंद्रीकरणात वाईट काय, असं कुणी विचारेल. आकडे तर आकडेच आहेत, मग ते शाखेत बघा नाहीतर दुसऱ्या गावात बसून बघा. इथे जरा तपशिलात जावं लागेल.

वागळे इस्टेटमधला एक गाळा घ्या. दोन जुने लेथ, एक सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारं मशीन, सहा माणसं, पंपाच्या सुट्या भागांचं टर्निंग. या गाळ्याची उलाढाल वर्षाला एक कोटी वीस लाख होती. त्यातले ऐंशी लाख निव्वळ लोखंडाचे, कारण माल स्वतः विकत घेऊन तयार भाग विकायची पद्धत होती. मग मोठ्या गिऱ्हाईक कंपनीने धोरण बदललं: माल आमचा, काम तुमचं. चलनावर, म्हणजे माल पाठवल्याच्या चिठ्ठीवर, माल येतो, टर्निंग होऊन परत जातो, बिल फक्त जॉबवर्कचं. उलाढाल एका वर्षात चाळीस लाखांवर आली. नफा जवळपास होता तेवढाच राहिला. उलट लोखंडाचे भाव वरखाली झाल्याची धास्ती गेली, उधारीवर माल उचलणं संपलं. धंदा आधीपेक्षा निर्धोक झाला आणि काम वाढलं म्हणून मालकाला आणखी एक सीएनसी हवी होती. मशीन अठरा लाखांची, तीन लाख स्वतःचे, पंधरा लाखांचं कर्ज.

सेंटरच्या पडद्यावर काय दिसलं असेल? विक्री दोन तृतीयांशाने घसरली. अर्ज नामंजूर. त्या जागी मी असतो आणि माझ्यापुढे फक्त तीन वर्षांची विवरणं असती, तर मीही हेच केलं असतं. आकडे खोटे नव्हते, त्यांचं कारण आकड्यांत नव्हतं. ते गाळ्यात होतं. दाराशी दुसऱ्या कंपनीचा शिक्का मारलेल्या लोखंडाच्या सळ्या रचलेल्या होत्या, टेबलावर चलनांची चळत होती आणि महावितरणच्या बिलावर युनिट वाढलेले होते. उलाढाल तिसऱ्या हिश्श्यावर आली आणि विजेचा वापर वाढला, हे कोडं सोडवायला पाच मिनिटं पुरतात. पण ती गाळ्यात उभं राहून घालवावी लागतात.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, नाहीतर वाचकातला एखादा बँकवाला मला पकडेल. खेळत्या भांडवलाचं जुनं सूत्र, म्हणजे अंदाजित उलाढालीच्या वीस टक्के, या गाळ्याला लावलं तर सीसीची (कॅश क्रेडिट, म्हणजे गरजेप्रमाणे उचलायच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाची) लिमिट चोवीस लाखांवरून आठ लाखांवर येते. ते फार चुकीचं नाही. लोखंड घ्यायचंच नसेल तर तेवढे पैसे अडकत नाहीत. नायक समितीचं ते सूत्र सरळ आहे आणि बऱ्याच अंशी शहाणं आहे. घोळ झाला तो मशीनच्या कर्जात: जिथे पुढची तीन-चार वर्षं बघायची, तिथे मागच्या वर्षाची विक्री बघितली गेली.

गाळ्यात जाऊन बघणारे साहेब मी पाहिलेले आहेत, म्हणून ही नुसती कल्पना नव्हे. एक निवृत्त झाले, त्यांचं नाव घेत नाही. कर्जाची पाहणी करायला ते दोनदा जायचे. एकदा दुपारी सांगून आणि एकदा रात्री नऊनंतर न सांगता, दुसरी शिफ्ट खरंच चालते का बघायला. मशीनखालचं स्क्रॅप बघायचे, भंगारवाला महिन्यातून किती वेळा येतो ते चहावाल्याला विचारायचे. त्यांनी नाकारलेली कर्जंही बरीच होती. पण नाही म्हणताना कारण सांगायचे, तोंडावर सांगायचे, आणि ऐकणारा दुसऱ्या दिवसापासून ते दुरुस्त करायला लागायचा. छोट्या धंदेवाल्याला बँकेकडून होणारी मोठी मदत कधीकधी हीच असते, वेळेवर आणि कारणासकट मिळालेला नकार. हल्ली मिळतो तो 'वरून रिजेक्ट झालं' एवढाच.

आता सीसी खात्याचं रोजचं जगणं बघा, कारण कर्ज मंजूर झालं म्हणजे प्रश्न संपला असं समजणारे लोक बहुधा पगारदार असतात. रबाळ्याच्या एखाद्या कारखान्याला पंचवीस लाखांची लिमिट आहे. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट द्यायचं, त्यावरून डीपी निघणार, म्हणजे प्रत्यक्षात किती उचलता येईल तो आकडा. समजा माल बारा लाखांचा, त्यातला चार लाखांचा उधारीवर आणलेला. उरले आठ, पंचवीस टक्के मार्जिन कापून सहा लाख. येणं तीस लाखांचं, पण त्यातलं चौदा लाखांचं नव्वद दिवसांपेक्षा जुनं, ते हिशेबातच धरायचं नाही. उरले सोळा, चाळीस टक्के मार्जिन कापून नऊ लाख साठ हजार. एकूण डीपी पंधरा लाख साठ हजार. कागदावर पंचवीस, हातात साडेपंधरा.

म्हणजे गिऱ्हाईकाने पैसे थकवले की बँकेचाही हात आखडतो. नियमाच्या बाजूने बोलायचं तर जुनं येणं बुडण्याची शक्यता जास्त, म्हणून ते वगळतात. तर्क बरोबर आहे. पण हे थकवणारे गिऱ्हाईक बहुतेक वेळा एखादी दणकट कंपनी असते, जी पैसे बुडवत नाही, फक्त एकशेवीस दिवसांनी देते. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवसांत द्यायचे हा कायदा २००६ चा आहे. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावं लागतं. एप्रिल २०२४ पासून आयकरातही तरतूद आली: मुदतीत पैसे दिले नाहीत तर ते देईपर्यंत खर्चाची वजावट नाही. पण व्याज मागायची हिंमत कुणात आहे? आज व्याजाचं पत्र पाठवलं की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात.

इथे बँकेतला माणूस उपयोगी पडू शकतो. बिलं ट्रेड्स या ऑनलाइन व्यवस्थेवर टाका, म्हणजे कंपनीने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतील, पैसे दोन-चार दिवसांत येतील आणि कंपनीने पुढे चालढकल केली तरी वसुली तुमच्याकडून होणार नाही, हे त्याने सांगायला हवं. अडीचशे कोटींच्या वर उलाढाल असलेल्या कंपन्यांना या व्यवस्थेत नोंदणी आता सक्तीची आहे. पण शाखेतून हा सल्ला मी क्वचितच ऐकलाय, आणि कारण उघड आहे. बोली दुसरीच बँक जिंकू शकते, आणि आपल्या बँकेने जिंकली तरी त्याचं श्रेय या शाखेच्या खात्यावर दिसेलच असं नाही. शाखेचं मोजमाप ज्यावर होतं तेच शाखा करणार. सध्या त्या मोजमापात विम्याच्या पॉलिसी ठळक आहेत. लिमिटच्या रिन्युअलला गेलेला माणूस पॉलिसी घेऊन बाहेर येतो, हे ठाण्यात काही नवलाचं नाही.

मोसमाचंही तेच. तुर्भ्याच्या फळबाजारात मार्च ते मे हापूसचा जोर. व्यापाऱ्याने बागायतदाराला आधीच उचल दिलेली असते, पेट्या येऊ लागल्या की भाडं, हमाली, पॅकिंग सगळं रोख लागतं. म्हणजे पैशाची खरी निकड ऐन मार्चमध्ये, आणि बँकेत ऐन मार्चमध्ये कुणी वर मान करून बघत नाही. "एकतीस तारीख होऊ द्या, मग बघू." एकतीस तारीख होते तेव्हा अर्धा मोसम मार्गी लागलेला असतो आणि व्यापाऱ्याने पैसे दुसरीकडून, महाग दराने, उचललेले असतात. बाजाराजवळच्या शाखेत मुरलेला अधिकारी जानेवारीतच तात्पुरती वाढीव लिमिट करून ठेवेल. दूरच्या सेंटरला आंबा आणि बटाटा सारखेच.

तारणाचा प्रश्न आपल्या भागात तर खास गुंतागुंतीचा आहे. जांभळी नाक्याच्या बाजारपेठेत पिढ्यान्‌पिढ्यांची दुकानं पागडीची आहेत. धंदा सोन्यासारखा, पण दुकान गहाण टाकता येत नाही. एमआयडीसीचा गाळा भाडेपट्ट्याचा, गहाण टाकायचा तर महामंडळाची परवानगी. सिडकोच्या जमिनीचंही तेच. आणि घणसोली, कोपरखैरणे, तळवली या गावठाणांत तर ज्यांच्या जमिनी नवी मुंबईसाठी गेल्या, त्यांनीच गरजेपोटी बांधलेली घरं आहेत. खाली पिठाची गिरणी, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, केटरिंगचं किचन, वर कुटुंब. घर आहे, धंदा आहे, तीस वर्षांचा शेजार साक्षीला आहे, पण बँकेच्या वकिलाला चालेल असा कागद नाही. या लोकांसाठीच तर सीजीटीएमएसई आहे. हमी मिळते साधारण पंचाहत्तर ते नव्वद टक्क्यांपर्यंत, गटाप्रमाणे कमीजास्त. तरीही फाइल बघणारा म्हणतो, "एखादा फ्लॅट असेल तर बघा ना, काम लवकर होईल." कारण कर्ज थकलं तर ट्रस्टकडे दावा करायचा, त्याआधी कायदेशीर कारवाई सुरू करायची, सगळी कागदपत्रं निर्दोष ठेवायची, फ्लॅट असला की हा व्याप नको. बिनतारण कर्ज देणाऱ्याला कर्जदाराची पारख करावी लागते, आणि पारख करायला त्याला ना वेळ दिलाय ना अधिकार.

मग हे लोक जातात कुठे? बिनतारण 'बिझनेस लोन' देणाऱ्या कंपन्यांकडे, वर्षाला वीस टक्क्यांच्या पुढे. दुकानात क्यूआर कोडचा डबा ठेवणारे तर रोजच्या जमेतूनच हप्ता कापून घेतात. ते पैसे दोन दिवसांत देतात, हे मान्य करायला हवं. मंजुरीला तीन महिने लावणाऱ्या स्वस्त कर्जापेक्षा दोन दिवसांत येणारं महाग कर्ज कधीकधी खरंच परवडतं. बँकांनी हे मनाला लावून घ्यावं.

आता दुसरी बाजू, कारण ती कच्ची नाही.

शाखेतल्या माणसाकडे अधिकार होते तेव्हा काय झालं, हे आपण विसरलेलो नाही. ऐंशीच्या दशकातले कर्जमेळावे, 'आपला माणूस' म्हणून दिलेली कर्जं, चहापाण्याचे पैसे, मध्ये फिरणारे एजंट. सहकारी बँका तर ओळखीवरच उभ्या राहिल्या. ठाणे जनता सहकारी बँकेसारखी १९७२ साली इथेच सुरू झालेली बँक पुढे मोठी झाली ती ही गावाची ओळख भांडवलासारखी वापरून. पण २०१९ मध्ये पीएमसी बँकेत एकाच बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जं दडवल्याचं उघड झालं, आणि ठेवीदार रस्त्यावर आले, तीही ओळखच होती. ओळख आणि वशिला यांच्यातली भिंत पातळ असते.

शिवाय ओळख नसणाऱ्याचं काय? कळव्याला दोन खोल्यांतून डबे पुरवणारी बाई, वर्षभरापूर्वी बाहेरगावाहून आलेली. तिला गोखले रोडवरचा कुठलाच मॅनेजर ओळखत नाही, आणि ती आत गेली तर तिला खुर्ची मिळेलच याची खात्री नाही. तिच्या खात्यात यूपीआयने रोज जमा होणाऱ्या रकमा वाचणारं यंत्र तिची जात, बोली, साडी काही बघत नाही. सरकारी बँकांनी २०२५ पासून अशा डिजिटल व्यवहारांवरून पत ठरवणारी पद्धत आणली आहे. तिला विरोध करण्याचं मला एकही कारण दिसत नाही. पहिलं पन्नास हजारांचं, दोन लाखांचं कर्ज यंत्राने द्यावं, खुशाल द्यावं.

पण हाच धंदा वाढला, बाईने भाड्याने किचन घेतलं, चार बायका कामाला ठेवल्या, एका आयटी कंपनीच्या कँटीनचं काम मिळालं आणि कंपनी साठ दिवसांनी पैसे देते म्हणाली, की यंत्राला तिच्या रोजच्या यूपीआयच्या जमा थांबलेल्या दिसतील. धंदा बसला, असं ते म्हणेल. तिथून पुढे माणूस लागतो. सरसकट सगळं शाखेकडे द्या, असं मी म्हणतच नाही. लहान रकमा यंत्राकडे, कोट्यवधींच्या फाइली वरच्या कार्यालयाकडे. मधल्या पट्ट्यात, साधारण पाच लाख ते पन्नास लाख, जिथे आपले बहुतेक गाळे आणि दुकानं बसतात, तिथे अंतिम सही त्या शाखेत असावी.

शाखाप्रमुखांना ती सही हवी आहे का, हा अवघड प्रश्न आहे. खाजगीत विचारलं तर बरेच जण नको म्हणतात. कर्ज थकलं की चौकशी, चौकशी सुरू असली की बढती अडली, निवृत्तीच्या तोंडावर असेल तर झोप उडाली. शंभर चांगली कर्जं दिली म्हणून कुणी पाठ थोपटत नाही, एक बुडालं की पत्र येतं. अशा हिशेबात शहाणा माणूस सही टाळणारच. पन्नास कोटींपर्यंतच्या थकीत कर्जांत अधिकाऱ्याची जबाबदारी कशी ठरवायची, याची चौकट केंद्र सरकारने २०२१ मध्ये घालून दिली, प्रामाणिक निर्णयाला संरक्षण मिळावं हाच तिचा हेतू. ती एप्रिल २०२२ पासून लागू आहे. कागदावर ठीक आहे, पण भीती परिपत्रकाने जात नाही. शाखेच्या पातळीवर चार-दोन प्रकरणांत 'निर्णय योग्य होता, कर्ज दुर्दैवाने बुडालं' असा शेरा मिळून माणूस सुटलेला दिसला, की मग जाते.

आणि बदली. दर तीनेक वर्षांनी माणूस हलवायचा, साटंलोटं होऊ नये म्हणून. हेतू रास्त. पण वागळे इस्टेटमध्ये कोण कुणाचा पुरवठादार आहे हे कळायला पहिलं वर्ष जातं, दुसऱ्यात जरा हात बसतो, तिसऱ्यात डोळे बदलीच्या यादीकडे. रोकड आणि लॉकर सांभाळणारा जरूर बदला. कर्ज बघणाऱ्या अधिकाऱ्याला एका औद्योगिक वसाहतीत निदान पाच वर्षं द्या, त्याच्या सहीसोबत दुसऱ्या एकाची सही ठेवा, दर भेटीची तारीख-वेळेसकट नोंद ठेवा आणि वर्षाने लेखापरीक्षकाला त्या नोंदी तपासू द्या. कर्ज फिटलं की बुडालं एवढंच न बघता, देताना काय बघून दिलं ते तपासा. वशिल्याला हा अटकाव तीन वर्षांच्या बदलीपेक्षा जास्त उपयोगी पडेल, कारण रात्री नऊच्या भेटीची खोटी नोंद करणं वाटतं तितकं सोपं नसतं. विजेचं बिल साथ देत नाही.

धंदा अडचणीत येतो तेव्हा तर जवळचा अधिकारी लागतोच लागतो. हप्ता नव्वद दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत. त्याआधीच, ताण दिसायला लागल्याबरोबर, दुरुस्तीचा आराखडा करण्याची पद्धत लघु-मध्यम उद्योगांसाठी २०१५ पासून ठरलेली आहे, पंचवीस कोटींपर्यंतच्या कर्जांना. उद्योजक स्वतःही अर्ज करू शकतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितींना हे माहीत असतं? जवळजवळ कुणालाच नाही. त्यांना नव्वद दिवसांनंतरची नोटीस माहीत असते, कारण ती घरी येते. पहिला हप्ता चुकला त्याच आठवड्यात फोन करून "काका, काय झालं? कंपनीने पैसे थकवले का? एक अर्ज देऊन ठेवा" असं म्हणणारा माणूस शाखेत असायला हवा. वसुलीच्या कॉल सेंटरमधून येणारा फोन वेगळा असतो; त्याला कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही.

सुरुवात एका स्वस्त गोष्टीने करता येईल. प्रत्येक शाखेत फलक असतात: व्याजदराचा, लोकपालाचा, फाटक्या नोटा बदलून देण्याचा. त्यातच एक ओळ वाढवा, या शाखेचे प्रमुख स्वतःच्या सहीने धंद्याचं किती रकमेपर्यंतचं कर्ज मंजूर करू शकतात. ठाण्यातल्या आणि नवी मुंबईतल्या उद्योजकांच्या संघटनांनी प्रत्येक बैठकीत बँकांकडे हा आकडा लेखी मागावा. जिथे शून्य आहे तिथे शून्य लिहावं. निदान त्या शाखेत हेलपाटे घालायचे की पुढचं दार बघायचं, हे दारातच कळेल.